समुद्रावरील कागद
चाचे कोण आणि परवानेधारी कोण?

यंदाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आपल्या किनाऱ्याच्या पूर्वेतिहासाविषयी चार शब्द लिहावेत, अशी विनंती व्यवस्थापक मंडळाने आम्हांस केली. देवळाच्या बांधकामाचा, शाळेचा व धर्मभगिनींच्या सेवेचा वृत्तांत या पुस्तिकेत अन्यत्र आलेला आहेच. तेव्हा आम्ही जमीन सोडून समुद्राकडे वळण्याचे ठरविले. त्यास निमित्त झाले आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध तांडेलाचे बोलणे. गस्तीच्या नौकेने त्याची होडी अडविली व कागद पाहावयास मागितला. कागद पिशवीत जवळच होता, म्हणून दोन मिनिटांत सुटका झाली. ही हकिगत सांगून तो म्हणाला, “फादर, दर्या देवाचा, मासळी देवाची, मग कागद तेवढा माणसाचा कशाला?” आम्ही त्यास तेव्हा कायद्याचे उत्तर दिले आणि ते योग्यच होते. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. कारण याच किनाऱ्यावर चारशे-पाचशे वर्षांपूर्वी अशाच एका कागदावरून माणसे जगली, मेली, श्रीमंत झाली आणि फासावरही गेली. त्या कागदाचा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. समुद्रावर स्वतःच्या लाभासाठी परक्याचे जहाज लुटणारा तो चाचा. त्यास कोणत्याही राजाचे अभय नसे, आणि तो ज्याच्या हाती सापडे त्याने त्यास फाशी द्यावे, असा सर्व राष्ट्रांचा रिवाज होता. याच्या उलट, युद्धकाळी राजा एखाद्या खाजगी जहाजाच्या मालकास लेखी अधिकार देई की, अमुक शत्रूची जहाजे तू खुशाल धरावीस. या अधिकारपत्रास इंग्रज लोक लेटर ऑफ मार्क म्हणत. आम्ही त्यास या लेखापुरते लूटपरवाना म्हणू, आणि तो बाळगणाऱ्यास परवानेधारी. परवानेधाऱ्यास जामीन द्यावा लागे. धरलेले जहाज बंदरात आणून नौकान्यायालयाचा निवाडा घ्यावा लागे. निवाडा अनुकूल झाला म्हणजे माल विकून त्याचे वाटे पडत. त्यांत जहाजमालक, कप्तान व खलाशी यांचे हिस्से असत, आणि बहुधा राजाचाही असे. राजाचा फायदा असा की, आरमाराच्या खर्चावाचून शत्रूचा व्यापार बुडे.

म्हणजे तारू तसेच, तोफा त्याच, खलाशीही पुष्कळदा तेच. अंतर काय ते एका कागदाचे. हे अंतर न्यायाचे होते की केवळ सत्तेचे, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आम्ही पुस्तकी व्याख्यांत न शोधता अरबी समुद्रावर घडलेल्या गोष्टींत शोधू.

पोर्तुगीज येण्यापूर्वी या समुद्रावर लुटारू नव्हते असे नाही. मलबारात व गुजरातेत ते होते, व त्यांचा व्यापाऱ्यांस उपद्रवही होत असे. परंतु संपूर्ण समुद्र एका राजाचा आहे, त्यावर त्याच्या परवानगीवाचून कोणी फिरू नये, असा दावा मात्र कोणी केलेला नव्हता. तो दावा पोर्तुगालच्या राजाने केला. इ. स. १५०२ मध्ये वास्को द गामा दुसऱ्यांदा हिंदुस्थानास आला, तेव्हा मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याने मिरी नावाचे एक मोठे जहाज अडविले. त्यावर मक्केची यात्रा करून परतणारे शेकडो लोक होते, आणि त्यांत स्त्रिया व मुलेही होती. त्यांनी आपले द्रव्य देऊ केले, प्राणांची याचना केली. परंतु माल काढून घेतल्यावर गामाने ते जहाज माणसांसह जाळून टाकण्याचा हुकूम दिला. काही मुले तेवढी बाजूस काढण्यात आली. गामा हा चाचा नव्हता. त्याच्यापाशी राजाचे अधिकारपत्र होते, आणि त्याच्या शिडांवर क्रूस होता. आम्ही ही गोष्ट येथे टाळू शकलो असतो. परंतु जो क्रूस आम्ही वेदीवर पूजितो, तोच त्या शिडांवरही होता हे लपवून इतिहास लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पुढे या दाव्यास कायद्याचे रूप आले. पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. त्यावर जहाजाचे व नाखव्याचे नाव, माणसे व हत्यारे किती, कोठून निघून कोठे जाणार, हे सर्व लिहिलेले असे. मिरी वगैरे राखीव माल नेता येत नसे, शत्रूस आश्रय देता येत नसे, आणि पोर्तुगीज बंदरात येऊन जकात भरावी लागे. कागदाची स्वतःची किंमत थोडी होती; खरे उत्पन्न त्या जकातीचे होते. ज्या जहाजावर कार्ताझ नसेल, किंवा कार्ताझातील मजकुराबाहेरचे काही आढळेल, ते जहाज मालासह जप्त होई. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या समुद्रावर व्यापार करणारा मनुष्य एका दिवसात गुन्हेगार ठरला. त्याने काही केले म्हणून नव्हे, तर त्याच्याजवळ एक कागद नव्हता म्हणून.

येथे आपल्या वसईचा संबंध येतो. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांस दिली. हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्या तहात आणखी एक कलम होते, ते फारसे कोणी सांगत नाही. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईस यावे, तेथून परवाना घेऊन निघावे, आणि परतताना वसईसच येऊन जकात भरावी, असे ते कलम होते. गुजरातच्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत, असेही ठरले होते. वसईचा कोट, त्यातील धर्ममंदिरे, मठ आणि हवेल्या यांच्या वैभवाचे वर्णन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आज त्या पडक्या भिंतींतून हिंडताना पूर्वजांचा अभिमान वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु हे वैभव सुपीक वाड्यांच्या व बागायतीच्या उत्पन्नावर जसे उभे होते, तसेच ते या कागदावरही काही अंशी उभे होते. समुद्राकडील दरवाजाने आत येणारा प्रत्येक पैसा खुशीने दिलेला नव्हता.

कार्ताझापुढे मोठमोठ्यांनाही मान लववावी लागली. गुजरात जिंकल्यावर अकबर बादशहाने १५७३ मध्ये पोर्तुगीजांशी समेट केला, आणि दरसाल एका जहाजासाठी विनामूल्य परवाना मिळविला. तरीही १५७५ मध्ये त्याची आत्या गुलबदन बेगम मक्केस जावयास निघाली, तेव्हा तिला परवान्याच्या घोळात सुरतेस सुमारे एक वर्ष खोळंबून राहावे लागले. त्याच काळचा इतिहासकार बदायुनी याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मखदूम-उल्-मुल्क नावाच्या बड्या मौलवीने असा निर्णय दिला की, हल्ली मक्केची यात्रा बंधनकारक राहिलेली नाही. कारण खुष्कीच्या मार्गाने जावे तर इराणी लोकांची निंदा ऐकावी लागते, आणि समुद्रमार्गाने जावे तर फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो, व त्यावर मरिया आणि येशू यांची चित्रे असतात.

ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. आमच्या प्रभूचे व त्याच्या पवित्र मातेचे चित्र त्या यात्रेकरूंनी प्रथम पाहिले असेल ते कोठे? देवळात नव्हे, कोणा साधुपुरुषाच्या हाती नव्हे, तर जकातीच्या कागदावर. ज्या मातेची आपण समुद्रतारका म्हणून आळवणी करतो, तिचे चित्र दुसऱ्याच्या समुद्रप्रवासावर शिक्का म्हणून वापरण्यात आले. त्या काळी मोगल दरबारी गेलेले आमचे धर्मगुरू प्रेमाने व विद्वत्तेने बोलत होते, परंतु त्यांच्या आधी हा कागद तेथे पोहोचलेला होता.

बरे, कागद घेतला म्हणजे तरी निश्चिंती होती काय? तसेही नाही. १६१३ मध्ये सुरतेजवळ पोर्तुगीजांनी रहिमी नावाचे जहाज पकडले. ते जहांगीर बादशहाच्या मातोश्रींच्या मालकीचे होते. त्यावर शेकडो यात्रेकरू व व्यापारी होते, आणि कार्ताझही रीतसर घेतलेला होता. परंतु मोगलांनी इंग्रजांना सुरतेत थारा दिला, याचा राग काढावयाचा होता. जहाज गोव्यास नेण्यात आले. बादशहाने संतापून दमणवर फौज धाडली, आणि आपल्या राज्यातील जेझुइटांची धर्ममंदिरे बंद करविली. अपराध समुद्रावर कप्तानाने केला, आणि दंड शेकडो कोस दूर वेदीपाशी उभ्या असलेल्या निरपराध धर्मगुरूंनी व त्यांच्या लहानशा कळपाने भोगला. स्वतः दिलेला कागद जो स्वतः मोडतो, त्याच्यात व चाच्यात कोणते अंतर राहिले, हे वाचकांनीच ठरवावे.

आता कागद नसलेल्या चाच्यांकडे वळू. त्यांत सर्वांत कुप्रसिद्ध झाला तो हेन्री एव्हरी नावाचा इंग्रज. स्पेनच्या राजाच्या परवान्याने वेस्ट इंडीजकडे जावयास निघालेल्या चार्ल्स दुसरा नावाच्या जहाजावर तो नोकरीस होता. खलाशांचे पगार महिनोन्‌महिने थकले, तेव्हा मे १६९४ मध्ये स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात त्यांनी बंड करून जहाज पळविले, त्यास फॅन्सी असे नाव दिले, आणि आफ्रिकेस वळसा घालून ते तांबड्या समुद्राच्या तोंडाशी येऊन दबा धरून बसले. तेथे त्यांस आणखी काही जहाजे मिळाली. त्यांपैकी एकाचा कप्तान टॉमस ट्यू याच्याजवळ न्यूयॉर्कच्या गव्हर्नराने दिलेला लूटपरवाना होता. तो होता फ्रेंचांविरुद्ध. तांबड्या समुद्रात फ्रेंच कोठले? परंतु असा परवाना खिशात असला म्हणजे मनाचे समाधान होई.

सप्टेंबर १६९५ मध्ये मक्केहून परतणाऱ्या जहाजांवर हे लोक तुटून पडले. सुरतेचा धनाढ्य व्यापारी अब्दुल गफूर याचे फत्तेह महंमद हे जहाज प्रथम पडले, आणि त्या झुंजीत ट्यू ठार झाला. नंतर औरंगजेबाचे प्रचंड जहाज गंज-इ-सवाई गाठले. इतिहासकार खाफी खान लिहितो की, त्यावर ८० तोफा व ४०० बंदुका होत्या, आणि ५२ लाख रुपये लुटारूंच्या हाती पडले. दैव असे की, ऐन वेळी त्या जहाजावरील एक तोफ फुटली, आपलीच माणसे दगावली, आणि सर्वत्र गोंधळ माजला. पुढे कित्येक दिवस लूट व छळ चालला. स्त्रियांची विटंबना झाली. काहींनी अब्रू वाचविण्यासाठी समुद्रात उड्या घेतल्या. त्या बापड्या स्त्रिया तीर्थयात्रा करून घरी परतत होत्या.

या बातमीने सुरत खवळून उठली. तेथील इंग्रज वखारीचा मुख्य सॅम्युएल ॲन्सली व त्याचे सहकारी यांस बेड्या पडल्या, आणि १६९६ च्या जूनअखेरपर्यंत ते कैदेत राहिले. व्यापार बुडतो हे पाहून इंग्लंडचे सरकार व ईस्ट इंडिया कंपनी यांनी एव्हरीस धरण्यासाठी मोठे इनाम लावले. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही. त्याचे सहा साथीदार मात्र सापडले, आणि ऑक्टोबर १६९६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात उभे राहिले. गंज-इ-सवाईच्या लुटीबद्दल खटला चालला, आणि ज्यूरीने त्यांस निर्दोष सोडले. सरकारची त्रेधा उडाली. मग थोड्याच दिवसांत मूळ इंग्रज जहाज पळविल्याबद्दल दुसरा खटला उभारण्यात आला, त्यात ते दोषी ठरले, आणि नोव्हेंबरात पाच जण फासावर गेले. परदेशच्या यात्रेकरूंवरील अत्याचार त्या बारा पंचांस गुन्हा वाटला नाही. स्वदेशच्या मालकाचे जहाज पळविणे मात्र वाटले. न्यायाचा तराजू कोणत्या बाजूस कलला होता, हे यावरून दिसते.

एव्हरीच्या उलट गोष्ट कप्तान विल्यम किडची. चाच्यांस पकडण्यासाठी व फ्रेंच जहाजे धरण्यासाठी १६९६ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्यास दोन अधिकारपत्रे दिली, आणि बड्या बड्या सरदारांनी या उद्योगात भांडवल घातले. लूट मिळाली तरच खलाशांस पगार, असा करार होता. जेथे पोट लुटीवरच अवलंबून ठेवलेले असते, तेथे शिकार न मिळाल्यास काय होणार, हे सांगावयास नको. किड आमच्या किनाऱ्यावर आला, १६९७ मध्ये कारवारास लाकूड-पाण्यासाठी थांबला, आणि जानेवारी १६९८ मध्ये मलबारच्या समुद्रात त्याने केदा मर्चंट नावाचे जहाज धरले. मालक आर्मेनियन व्यापारी, कप्तान इंग्रज, माल रेशीम, मलमल, साखर व अफू. परंतु जहाजापाशी फ्रेंचांचा परवाना होता, आणि किडने मुद्दाम फ्रेंच निशाण लावून तो बाहेर काढविला. फ्रेंच परवाना म्हणजे शत्रूचे जहाज, असा त्याचा दावा होता.

तोवर इंग्लंडात वारे फिरले होते. त्याचे पाठीराखे सरदार स्वतःच्या बचावात गुंतले. १७०१ च्या मे महिन्यात एका खलाशाच्या खुनाबद्दल व चाचेगिरीबद्दल किडवर खटला झाला. त्याने ते फ्रेंच परवाने आपल्या आश्रयदात्यापाशी दिलेले होते. न्यायालयात मात्र ते निघाले नाहीत. २३ मे रोजी त्यास फाशी झाली. पहिला दोर तुटला, म्हणून दुसऱ्यांदा टांगला, आणि इतरांस दहशत बसावी म्हणून त्याचे प्रेत टेम्स नदीच्या काठी लोंबत ठेवले. सुमारे दोनशे वर्षांनी ते हरवलेले परवाने लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. किड निर्मळ मनुष्य होता असे आम्ही म्हणत नाही; खून त्याच्या हातून झालाच होता. परंतु ज्या कागदावर त्याचा सारा बचाव होता, तो सत्ताधाऱ्यांच्या दप्तरात जाऊन पडला, आणि कागदावाचून तो चाचा ठरला.

आता आपल्या कोकणच्या कान्होजी आंग्र्यांविषयी. इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत त्यांस सर्रास चाचा म्हटलेले आढळते, आणि तसे छापलेले आम्हीही विद्यार्थिदशेत वाचले. वस्तुस्थिती अशी की, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू छत्रपतींनी त्यांस सरखेल, म्हणजे आरमाराचे अधिपती, म्हणून कायम केले, आणि किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्या ताब्यात दिले. कुलाबा व विजयदुर्ग येथे त्यांची गुराबे व गलबते उभी असत. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांचे दस्तक घ्यावे, नाही तर जहाज जप्त, असा त्यांचा नियम होता. वाचकहो, हा नियम कोठे तरी पूर्वी ऐकल्यासारखा वाटतो ना? पोर्तुगीज कार्ताझ देत, मुंबईकर इंग्रजही देशी जहाजांस आपले परवाने विकत. तेच आंग्र्यांनी केले तेव्हा ती चाचेगिरी ठरली. कंपनीच्या जहाजांस हात लावू नये असे इंग्रजांशी ठरल्यावरही तंटा मिटला नाही. कारण कंपनीचे नोकर आपला खाजगी माल व इतर व्यापाऱ्यांची जहाजे कंपनीच्याच निशाणाखाली नेत. निशाण कोणाचे आणि माल कोणाचा, याचा वाद कधी संपलाच नाही.

तरी आंग्र्यांच्या बाजूनेही सर्व शुद्ध होते, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. १७१२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या आरमाराने एक लहान जहाज धरले, त्यावर कारवारच्या वखारीकडे निघालेला चाऊन नावाचा इंग्रज अधिकारी होता. तोफेच्या गोळ्याने तो मेला, आणि त्याची तरुण गर्भवती पत्नी कॅथरीन कैद झाली. पुढील वर्षी कैद्यांच्या खंडणीचे ३०,००० रुपये पोहोचल्यावर तिची सुटका झाली. दस्तकाचा हक्क खरा धरला, तरी त्या विधवेच्या दुःखाची भरपाई कोणत्या दस्तकाने होणार?

मुंबईच्या गव्हर्नर बून याने १७१८ मध्ये खांदेरीवर व १७२० मध्ये विजयदुर्गावर आरमार पाठविले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. तिन्ही वेळा हात हलवीत परतावे लागले. १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्स याने कान्होजींस लुटारूपणाबद्दल उपदेशाचे पत्र लिहिले. कान्होजींनी उत्तर धाडले, त्याचा भावार्थ असा की, लोभ व्यापाऱ्यांसही सुटलेला नाही. ही जगाची रीतच आहे. देव एकाकडून काढून दुसऱ्यास देतो, आणि त्यात योग्य काय व अयोग्य काय हे कोणी ठरवावे? उत्तर मोठे चतुर आहे. परंतु आम्हांस ते पुरते समाधानकारक वाटत नाही. दुसऱ्याचा दोष दाखविल्याने आपला दोष धुऊन निघत नाही, हे आम्ही पापनिवेदनाच्या आसनावर बसून अनेक वर्षे सांगत आलो आहो.

कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि कार्ताझाचे राज्य उत्तर कोकणातून उठले. पुढे कान्होजींचे पुत्र तुळाजी व पेशवे यांचे वैर पडले. १७५६ च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांच्या संमतीने इंग्रज सेनानी वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आणि मराठ्यांचे ते आरमार तेथेच जळून गेले. चाच्यांचे घरटे मोडावयास म्हणून ही स्वारी निघाली होती. परंतु मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी सभा भरवून लुटीचे वाटे ठरवून ठेवले होते, आणि पेशव्यांच्या माणसांस त्यांत वाटा नव्हता. सुमारे दहा लाख रुपये हाती आले, ते ठरल्याप्रमाणे वाटले गेले. आज मात्र काळाने निवाडा फिरविला आहे. मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळास १९५१ पासून आंग्रे हे नाव आहे. पूर्वीचा चाचा आता दर्याचा रक्षक म्हणून पूजिला जातो. माणूस तोच; कागद लिहिणारा हात बदलला.

या कागदाची थट्टा व्हावी तशी एक गोष्ट फ्रेंच दर्यावर्दी रॉबेर सुर्कूफ याची आहे. मॉरिशसच्या गव्हर्नराने त्यास लूटपरवाना नाकारला, केवळ प्रवासाची परवानगी दिली. तरीही त्याने जानेवारी १७९६ मध्ये बंगालच्या उपसागरात ट्रायटन नावाचे मोठे इंग्रज जहाज मूठभर माणसांनिशी धरले. कागद नव्हता म्हणून बेटावर त्याची लूट सरकारजमा झाली. तो पॅरिसला गेला, दाद मागितली, आणि १७९७ मध्ये फ्रेंच सरकारने त्यास हिस्सा देवविला. म्हणजे कृत्य घडले त्या दिवशी ती चाचेगिरी होती, आणि वर्षाने ती मर्दुमकी झाली.

अखेर राष्ट्रांसही या व्यवहाराची लाज वाटू लागली. क्रिमियाच्या युद्धानंतर १६ एप्रिल १८५६ रोजी पॅरिस येथे युरोपातील प्रमुख राष्ट्रांनी जाहीरनामा काढला की, लूटपरवाने कायमचे रद्द करण्यात येत आहेत. विजयदुर्ग जळाल्यास तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. ज्या गोष्टीस राजे तीन-चारशे वर्षे धर्मसंमत म्हणत आले, ती एका सहीने अयोग्य ठरली. यावरून असे दिसते की, ती अयोग्य पूर्वीपासूनच होती. केवळ कबूल करावयाचे राहिले होते.

सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे नीतिशास्त्र शिकलो. ते म्हणतात, न्याय्य युद्धात मिळालेली लूट ही चोरी नव्हे. परंतु लढणाऱ्याच्या मनात न्यायाऐवजी लोभ असेल, तर युद्ध न्याय्य असूनही तो पाप करतो. आणि युद्धच अन्याय्य असेल तर ती सरळ चोरी, व घेतलेले परत करण्यास तो बांधलेला आहे. तेव्हा हे अंतर न्यायाचे की सत्तेचे, या आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे की, कागद राजाचा अधिकार दाखवितो, अंतःकरण दाखवीत नाही. मिरी जहाजावरील माता, गंज-इ-सवाईवरून उडी टाकणारी यात्रेकरू स्त्री, खंडणीची वाट पाहत बसलेली कॅथरीन, यांपैकी एकीनेही समोर आलेल्या माणसास ‘तुझा कागद दाखीव’ असे विचारले नसेल. तिच्या दृष्टीने तोफ तोफच होती.

म्हणून ज्युबिलीच्या या आनंदात आपल्या धर्मग्रामस्थांस एवढेच सांगणे आहे. पूर्वजांचा वारसा घ्यावयाचा तर तो सबंध घ्यावा. देवळाच्या घंटेबरोबर जकातीचा शिक्काही आपलाच समजावा, आणि त्याबद्दल नम्र व्हावे. आमच्या त्या तांडेलास आता आम्ही निराळे उत्तर देऊ. बाबा रे, कागद जवळ ठेव. चांगल्या राज्यात तो दुर्बळाच्या रक्षणासाठी असतो, आणि तो पाळणे तुझे कर्तव्य आहे. परंतु दुसऱ्याच्या जाळ्यातील मासळीवर नजर गेली, तर कोणताही कागद तुला सोडवणार नाही. दर्या देवाचा आहे हे तू म्हणालास, ते खरेच आहे. त्याचा हिशेब देवापाशीच द्यावयाचा आहे, आणि तेथे सातवी आज्ञा सर्वांस एकच आहे: राजास, कप्तानास, नाखव्यास आणि आम्हांसही.